सूत कोणाचे? हातमाग, मिशन आणि विणकराची उपजीविका

पवित्र शास्त्रात विणकर हा अनोळखी मनुष्य नाही. निवासमंडपाच्या उभारणीसाठी बसालेल व अहलियाब यांची निवड झाली, तेव्हा परमेश्वराने ज्या कसबांनी त्यांची मने भरली त्यांत कोरीव काम व कशिदा यांच्याबरोबर विणकरीचाही नामनिर्देश आहे (निर्गम ३५:३५). आयुष्य किती त्वरेने सरते हे ईयोबाला सांगावयाचे होते, तेव्हा त्याला धोट्याहून जवळचा दृष्टान्त सापडला नाही. नीतिसूत्रांच्या अखेरच्या अध्यायातील सद्गुणी स्त्री कातते, विणते आणि तयार केलेली वस्त्रे स्वतः विकते. पौलाने करिंथात सुवार्ता सांगितली ती राहुट्या करण्याचा धंदा करून, स्वतःच्या हातांच्या कमाईवर.

असे असूनही आपल्या मंडळ्यांच्या इतिहासात विणकराला फारशी जागा मिळालेली नाही. बाप्तिस्मे किती झाले, उपासनामंदिरे केव्हा बांधली गेली, शाळा कोठे उघडल्या, हे आपण आस्थेने नोंदविले. परंतु बाप्तिस्म्याच्या दुसऱ्या दिवशी त्या कुटुंबाच्या चुलीवर काय शिजले, हा प्रश्न आपण क्वचितच विचारला. प्रस्तुत लेखात तोच प्रश्न आम्ही हातमागाच्या अनुषंगाने विचारीत आहोत. त्यासाठी मंगळूर, धारवाड व विजापूर भाग आणि अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) येथील मिशनकार्याचा इतिहास आम्ही मुख्यतः समोर ठेवला आहे. या इतिहासातून एक गोष्ट वारंवार पुढे येते. विणकराला कसबाची उणीव कधी नव्हती. त्याला उणीव होती ती स्वतःच्या मालकीच्या सुताची आणि स्वतःच्या बाजारपेठेची.

१. माग, घर आणि गल्ली

हातमाग म्हणजे केवळ लाकडाची चौकट नव्हे. दक्षिण महाराष्ट्रात व त्याला लागून असलेल्या कानडी मुलखात खड्डा माग प्रचलित होता व काही ठिकाणी आजही आहे. विणकर जमिनीच्या पातळीवर बसतो, पाय खड्ड्यात सोडतो आणि पायांनी फळ्या दाबून ताण्याचे धागे आळीपाळीने वरखाली करतो. त्या फटीतून एका हाताने धोटा फेकावयाचा, दुसऱ्या हाताने झेलावयाचा, आणि फणीने बाण्याचा धागा ठोकून बसवावयाचा.

पण विणणे हे शेवटचे काम आहे. त्याआधी लडीतील सूत भिजवून उकलावे लागते, रंगवावे लागते, रहाटावर गुंडाळावे लागते, कांड्या भराव्या लागतात, ताणा लावावा लागतो. ताण्याला खळ देऊन तो कुंचल्याने साफ करण्याच्या कामास पांजणी म्हणतात. ऊन चढण्यापूर्वी लांबच लांब ताणा गल्लीत पसरून ती करावी लागते, आणि ती एकट्यादुकट्याचे काम नाही. माग चालतो घरातील स्त्रिया व मुले यांच्या हातांवर आणि पांजणी होते शेजाऱ्यांच्या हातांवर. हिशेबाच्या वहीत मात्र मजुरी बहुधा एकाच पुरुषाच्या नावे लिहिली गेली.

विजापूर भागातील (आजचा बागलकोट जिल्हा) इलकल व गुळेदगुड्ड या दोन गावांची नावे आपल्या घराघरांत पोचलेली आहेत. इलकलच्या लुगड्यात अंगाचा ताणा वेगळा आणि पदराचा ताणा वेगळा असतो. ते दोन्ही ताणे धाग्याला धागा अडकवून, फासे घालून जोडावे लागतात. गुळेदगुड्डचा खण पिढ्यान्‌पिढ्या महाराष्ट्रातील स्त्रियांच्या चोळीचे कापड म्हणून प्रसिद्ध आहे. लेकीसुनांच्या ओटीत जो खण पडतो त्यामागे अशा एका गल्लीचे श्रम उभे असतात.

हे सारे आम्ही विस्ताराने सांगतो, याला कारण आहे. ज्या धंद्याला शेजाऱ्याचा हात लागतो, त्या धंद्यातील मनुष्य जातीबाहेर टाकला गेला म्हणजे केवळ पंक्तीला मुकत नाही, तो पांजणीला मुकतो. सुताचा व्यापारी त्याला उधार देत नाही. तयार कापड घेणारा हात आखडतो. विणकर ज्ञातीतून ख्रिस्ताकडे येणाऱ्या कुटुंबाला हा धोका पत्करूनच यावे लागे.

२. गिरणीचे सूत

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत विणकराला लागणारे सूत खेड्यापाड्यांतील स्त्रिया कातीत असत. १८२० नंतरच्या दशकांत इंग्लंडमधील यंत्रावर काढलेले सूत मोठ्या प्रमाणावर येऊ लागले. १८५४ मध्ये कावसजी दावर यांनी मुंबईत कापड गिरणीची स्थापना केली आणि १८७७ मध्ये सोलापुरात पहिली गिरणी निघाली. गिरणीच्या सुतापुढे चरखा टिकला नाही. कातणाऱ्या स्त्रियांचा धंदा गेला आणि त्याची फारशी नोंदही कोणी ठेवली नाही.

विणकर मात्र टिकला. काठापदराचे लुगडे, विशिष्ट रंगसंगती, गावोगावच्या बायकांच्या आवडीनिवडी हे गिरणीला सहज साधणारे नव्हते. तेलंगणातून सोलापुरात आलेल्या पद्मसाळी कुटुंबांनी तर गिरण्यांच्या सावलीत राहून हातमागाची मोठी पेठ वसविली. पण या टिकण्याची किंमत होती. ज्या गिरणीशी स्पर्धा करावयाची, तिच्याच सुतावर जगावयाचे, असा हा पेच होता. सूत व्यापाऱ्याकडून उधारीने यावे, कापड त्याच्याच दुकानी जावे, आणि मध्ये विणकराच्या हाती फक्त मजुरी उरावी. बाकी फिटेपर्यंत दुसरीकडे विकण्याची मोकळीक नाही, आणि बाकी फिटत तर कधीच नाही.

दुष्काळ आला म्हणजे या व्यवस्थेचे खरे स्वरूप उघडे पडे. १८७६-७८ च्या दुष्काळात मुंबई इलाख्याच्या कानडी जिल्ह्यांत हाहाकार उडाला. दुष्काळात शेतकरी पहिल्याने कापड घेणे थांबवितो. धान्य महाग आणि माल पडून, अशा दुहेरी कात्रीत विणकर सापडतो. त्याला खडी फोडण्याच्या कामावर पाठवावे, तर महिनाभरात हात असे राठ होतात की बारीक धागा बोटांना कळेनासा होतो. म्हणून पुढे शतकाच्या अखेरच्या दुष्काळांत सोलापूरसारख्या ठिकाणी विणकराला त्याच्याच मागावर काम देण्याची पद्धत अवलंबिली गेली. सूत द्यावे आणि कापड विकत घ्यावे, एवढाच तो उपाय होता. तो साधा उपाय पुढील काळासाठी मोठा धडा होता, कारण सूत व गिऱ्हाईक मिळताच विणकराला दुसऱ्या दानाची गरज उरत नाही हे त्याने दाखविले.

३. मंगळूरचा प्रयोग

बासल मिशनचे पहिले तीन मिशनरी, हेबिख, लेनर व ग्राइनर, १८३४ मध्ये मंगळुरास आले. त्यानंतर १८३७ मध्ये धारवाड, १८३९ मध्ये हुबळी, १८४१ मध्ये गदगजवळील बेटगेरी आणि शतकाच्या मध्यास गुळेदगुड्ड येथे मिशनची ठाणी झाली. यांतील शेवटची दोन्ही गावे विणकरांची होत.

मंगळूर भागात ख्रिस्ती झालेल्यांत बिल्लव समाजाचे लोक पुष्कळ होते. ताडी काढणे हा त्यांच्यापैकी अनेकांचा धंदा. मिशनच्या शिस्तीत तो बसत नव्हता, आणि कुळाने वहिवाटलेली जमीनही धर्मांतरानंतर हातची जात असे. अशा रीतीने मिशनच्या दाराशी उपजीविकेचा प्रश्न येऊन उभा राहिला. शेतवसाहती, छपाई, घड्याळदुरुस्ती असे अनेक प्रयोग झाले व त्यांतील बरेच फसले. विणकाम आणि पुढे कौलांचे कारखाने हे दोनच मोठ्या प्रमाणावर यशस्वी झाले.

१८५१ मध्ये योहान हॅलर हे युरोपात विणकामाचे शिक्षण घेतलेले मिशनरी मंगळुरास आले. त्यांनी झटका धोट्याचे माग बसविले आणि रंगशाळा सुरू केली. हा झटका धोटा इंग्लंडात जॉन के यांनी १७३३ मध्ये शोधून काढला होता. दोरी ओढताच धोटा आपोआप या टोकाहून त्या टोकास जातो. त्यामुळे एक हात मोकळा राहतो, काम झपाट्याने होते, आणि विणकराचे हात पोचतील त्याहून रुंद पन्ह्याचे कापड निघते. मंगळूरच्या रंगशाळेचे नाव खाकी कापडाशी कायमचे जोडले गेले आहे. वायव्य सरहद्दीवरील पलटणीत खाकी वेष त्याआधीच आलेला होता, तरी मंगळुरी खाकीची ख्याती दूरवर गेली. शांतीची सुवार्ता सांगणाऱ्यांच्या मागावर शिपायांच्या गणवेशाचे कापड विणले जावे, ही घटना विचार करावयास लावणारी आहे. बाजारात उतरलेल्या मिशनला बाजाराचे गिऱ्हाईक निवडता येत नाही, हे तीवरून दिसते.

पुढे कन्नूर व कालिकत येथेही विणकामाचे कारखाने निघाले. १८५९ मध्ये बासल शहरात मिशन ट्रेडिंग कंपनी स्थापन झाली. भागधारकांनी मर्यादित व्याज घ्यावे आणि उरलेला नफा मिशनच्या कार्यास जावा, अशी तिची रचना होती. कामाचे तास नेमलेले, मजुरी ठरलेली आणि वेळेवर, आजारपणासाठी व बचतीसाठी निधी, असे त्या काळच्या हिंदी कारखानदारीत दुर्मीळ असलेले प्रकार येथे दिसत. पिढ्यान्‌पिढ्या जमीनदाराच्या अंगणात उभे राहणाऱ्या माणसाला महिन्याच्या ठरलेल्या दिवशी रोख मजुरी मिळणे, ही त्याच्या दृष्टीने लहानसहान क्रांती नव्हती. हे ऋण आपण कृतज्ञतेने मान्य केले पाहिजे.

तरीही दुसरी बाजू पाहणे प्राप्त आहे. धन्याचा माग, धन्याचे सूत, धन्याचीच बाजारपेठ, आणि धनी तोच मंडळीचा पाळक. ज्याच्यापुढे पापाची कबुली द्यावयाची, त्याच्याच वर्तुळातून कामाची नेमणूक व्हावयाची. मंडळीची शिस्त आणि कारखान्याची शिस्त एकमेकींत मिसळून गेली. मंडळीतून वगळला गेलेला मनुष्य पोटालाही मुकण्याचा संभव होता. उलट, पोटासाठी मंडळीत टिकून राहण्याचा मोहही होता. हा धोका खुद्द मिशनऱ्यांना कळत नव्हता असे नाही. कारखाने हे सुवार्तेचे साधन की तिला अडथळा, हा वाद त्यांच्यात दीर्घकाळ चालू होता.

४. मालक बदलले

१९१४ मध्ये महायुद्ध सुरू झाले. जर्मन मिशनरी स्थानबद्ध झाले, पुढे त्यांना देश सोडावा लागला, आणि मिशनची औद्योगिक मालमत्ता सरकारच्या ताब्यात गेली. १९१९ च्या सुमारास ती लंडन येथे स्थापन झालेल्या कॉमनवेल्थ ट्रस्ट या कंपनीकडे सोपविण्यात आली. ज्या कारखान्यांत दोन दोन पिढ्यांनी घाम गाळला, त्यांचे काय करावयाचे हे युरोपातील राजधान्यांत ठरले. मागावर बसलेल्या ख्रिस्ती विणकराला त्याविषयी कोणी विचारले नाही, आणि विचारण्याचे कारणही नव्हते. एका मागाचा, एका भागाचा, एका मताचाही तो मालक नव्हता. ज्याला तो मिशनचे कुटुंब समजत होता, ते कायद्याच्या भाषेत एक कंपनी होती.

परंतु या इतिहासाचा शेवट येथे होत नाही. कारखान्यांची मालकी गेली, कसब गेले नाही. कन्नूर भागात झटक्याच्या मागाचे ज्ञान कारखान्याच्या भिंतींबाहेर पसरले. तेथे लहान विणकामशाळा व पुढे सहकारी संस्था निघाल्या, आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कन्नूर हातमागाच्या निर्यातीचे केंद्र म्हणून प्रसिद्धीस आले. मिशनने जे आपल्या ताब्यात ठेवले ते युद्धाने नेले. लोकांच्या हातांत जे उतरले ते राहिले.

५. नगरचा माग आणि मागावर बसण्याचा हक्क

आता घाटमाथ्यावरील नगराकडे वळू. तेथे अमेरिकन मराठी मिशनचे कार्य १८३१ पासून चालू होते. या भागात ख्रिस्ती झालेले बहुसंख्य लोक महार व मांग समाजांतून आलेले होते. १८९९-१९०० च्या दुष्काळात अनाथ मुलांचा मोठा भार मिशनवर पडला आणि त्यांना धंदेशिक्षण देण्याची निकड भासली. नगरची सर डी. एम. पेटिट औद्योगिक शाळा त्याआधीच स्थापन झालेली होती.

याच सुमारास डी. सी. चर्चिल हे यंत्रशास्त्र शिकलेले अमेरिकन मिशनरी नगर भागात कार्यास आले. त्यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हातमागात सुधारणा करण्याचे काम हाती घेतले. तो काळच तशा प्रयत्नांचा होता. बडोद्यात सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने १८९० मध्ये निघालेल्या कलाभवनात रंगकाम व विणकाम शास्त्रीय रीतीने शिकविले जात होते, आणि मद्रास इलाख्यातही झटका मागाचे प्रयोग सरकारी पुढाकाराने चालू होते. चर्चिल पुढे मायदेशी परतले, आणि १९२२ मध्ये केंटकी राज्यातील बेरिया या डोंगराळ भागातील गावी त्यांनी व त्यांच्या पत्नीने हातमागाचा व्यवसाय सुरू केला. तो तेथे २००७ पर्यंत चालला. नगरच्या विणकरांमध्ये राहून मिळविलेले ज्ञान अमेरिकेतील गरीब डोंगरी लोकांच्या उपयोगी पडले, ही मिशनच्या इतिहासातील एक अल्पपरिचित गोष्ट आहे. येथे मात्र सुधारलेला माग साध्या विणकराच्या ऐपतीबाहेरच राहिला. दिवसाला चार हात कापड अधिक निघाले तरी सूत सावकाराचेच, तर वाढलेल्या कामाचा लाभ कोठे जातो हे सांगावयास नको.

नगरच्या प्रयोगात आणखी एक गोष्ट गुंतलेली होती, आणि ती आमच्या मते मागाच्या यंत्ररचनेहून महत्त्वाची आहे. मागावर बसावे कोणी? विदर्भ, नागपूर या भागांत महार समाजातील कुटुंबे पूर्वापार जाडेभरडे कापड विणीत असत. तेव्हा त्यांना कसब नव्हते असे कोणी म्हणू शकणार नाही. तरीही मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्य मानलेल्या कामगारांना विणखात्यात शिरू दिले जात नव्हते. धोट्यातील कांडी बदलताना धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे. ज्या धोट्याला त्यांचे तोंड लागले, त्याला सवर्ण कामगार तोंड लावावयास तयार नव्हते. विणखात्यात मजुरी अधिक होती आणि दार बंद होते. १९२८ च्या गिरणीसंपाच्या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे निकराने मांडला.

या पार्श्वभूमीवर पाहिले असता मिशनच्या विणकामशाळेत महार व मांग समाजांतील मुले धोटा हाती घेऊन बसली, या घटनेचे मोल कळते. ज्या समाजाने उष्ट्याचा विचार धोट्यापर्यंत नेला होता, त्या समाजात एकाच धोट्याला सर्वांचे हात व ओठ लागणे ही प्रभुभोजनाच्या एका प्याल्याशी नाते सांगणारी गोष्ट होती. मिशनने अनेक ठिकाणी मालकी दिली नाही हे खरे. पण त्याने जागा दिली, आणि त्या जागेचा हक्क नाकारलेल्यांना ती मिळाली. दोन्ही गोष्टी एकाच वेळी सत्य आहेत. एक सांगून दुसरी लपविणे इतिहासाला धरून होणार नाही.

६. दरबार, सहकार आणि कायदा

आश्रयाखाली वाढलेल्या धंद्याची ही दुर्बलता एकट्या मिशनच्या वाट्याला आलेली नाही. इंदूर भागातील वाचकांस महेश्वराचा इतिहास ठाऊक आहे. १७६७ ते १७९५ या काळात राज्य केलेल्या अहिल्याबाई होळकर यांनी बाहेरून विणकर आणून नर्मदाकाठी वसविले. महेश्वरी लुगड्याची कीर्ती त्यातून झाली. दरबार हाच मोठा गिऱ्हाईक होता. पुढे दरबाराचे वैभव ओसरले तसे मागही थंडावले. १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस तेथे रेहवा सोसायटी ही संस्था निघाली. तिने स्त्रियांना मागावर बसविले, मालाला शहरांत गिऱ्हाईक मिळविले, आणि विणकरांची घरे व मुलांची शाळा यांकडेही लक्ष पुरविले, तेव्हा माग पुन्हा वाजू लागले.

आश्रयाऐवजी मालकी देऊ पाहणारा मार्ग सहकाराचा होता. सहकारी पतपेढ्यांचा पहिला कायदा १९०४ मध्ये झाला आणि १९०५ मध्ये गदगजवळच्या कणगिनहाळ येथे शेतकऱ्यांची पतसंस्था उभी राहिली. बेटगेरीच्या विणकरांच्या वस्तीपासून ते गाव दूर नाही. विणकरांच्या संस्थाही पुढे निघाल्या. सूत एकत्र घ्यावे, कापड एकत्र विकावे, नफा सभासदांत वाटावा, हे तत्त्व सोपे होते. चालविणे सोपे नव्हते. काही संस्था सावकारच नाव बदलून चालवीत, काही सरकारी खरेदीवर विसंबून राहिल्या आणि ती थांबताच कोलमडल्या. १९२० नंतर खादीच्या चळवळीने रोगाचे मूळ अचूक ओळखले होते, ते म्हणजे परावलंबी सूत. परंतु हातकताईचे सूत तुटक व असमान निघत असल्याने मागावर बसणारा विणकर त्याला सहसा राजी नसे.

१९४१ मध्ये नेमलेल्या हातमाग व गिरण्यांविषयीच्या चौकशी समितीचे अध्यक्ष केरळातील ख्रिस्ती अर्थशास्त्रज्ञ डॉ. पी. जे. थॉमस होते, ही गोष्ट आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. स्वतःचे सूत आणणारा स्वतंत्र विणकर, दुसऱ्याच्या सुतावर घरी विणणारा, आणि दुसऱ्याच्या छपराखाली मजुरी करणारा असे भेद त्या समितीने पुढे मांडले. स्वातंत्र्यानंतर १९५३ मध्ये गिरणीच्या कापडावर जादा कर बसवून त्यातून खादी व हातमागास साहाय्य देण्याचा कायदा झाला. गिरण्यांनी ठरावीक प्रमाणात सूत लडीच्या रूपात पुरवावे असे बंधन आले. १९८५ मध्ये काही प्रकारचे कापड हातमागासाठी राखून ठेवणारा कायदा झाला व सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये तो उचलून धरला.

कायदा उभा राहिला तरी यंत्रमाग थांबला नाही. इचलकरंजीत १९०४ मध्ये पहिला यंत्रमाग आला, आणि शतकाच्या अखेरीस बेळगावच्या विणकर वस्त्यांतही खटखट ऐकू येई ती मुख्यतः यंत्रमागाची. हातमागाच्या नावाने यंत्रमागाचा माल विकला जाणे ही तर नेहमीची तक्रार होऊन बसली. देशभरातील हातमाग गणनेचे आकडे बोलके आहेत. विणकर व साहाय्यक कामगार मिळून १९९५-९६ मध्ये सुमारे ६५ लाख होते, २००९-१० मध्ये सुमारे ४३ लाख, आणि २०१९-२० मध्ये सुमारे ३५ लाख. या शेवटच्या गणनेत सत्तर टक्क्यांहून अधिक काम करणाऱ्या स्त्रिया आढळल्या, आणि सुमारे दोन-तृतीयांश कुटुंबांची मासिक कमाई पाच हजार रुपयांच्या आत होती. २०१५ पासून ७ ऑगस्ट हा राष्ट्रीय हातमाग दिन म्हणून पाळला जातो. विणकरांचे प्रतिनिधी जेथे बसत, ते अखिल भारतीय हातमाग मंडळ मात्र २०२० मध्ये बरखास्त करण्यात आले.

७. मंडळीपुढील प्रश्न

अनुवादाच्या चोविसाव्या अध्यायात एक आज्ञा आहे. कोणाचे जाते किंवा जात्याची तळी गहाण घेऊ नये, कारण तसे करणे म्हणजे माणसाचा जीवच गहाण घेणे होय. आपल्या देशाच्या १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेतही कारागिराची हत्यारे कर्जापायी जप्त करू नयेत अशी तरतूद आहे. मोशेचे नियमशास्त्र आणि देशाचा कायदा या ठिकाणी एकमेकांस भेटतात. हत्यार म्हणजे जीव, ही समज दोहोंत आहे. परंतु विणकराचा माग वाचला आणि सूत गहाण राहिले, तर रिकाम्या मागाने त्याचा जीव वाचत नाही. जात्याची आज्ञा आज विणकराच्या घरी लागू करावयाची, तर ती सुताला लागू करावी लागेल.

आपल्या संस्थांना या इतिहासातून काही घेण्यासारखे आहे असे आम्हांस वाटते. मंडळ्या, शाळा, रुग्णालये व वसतिगृहे यांना दरवर्षी चादरी, पडदे, टेबलावरची वस्त्रे व गणवेश लागतात. यांतील काही खरेदी विणकरांच्या संस्थेकडून थेट व्हावी, आणि पैसे माल पोचताच चुकते व्हावेत. याकोबाने रोखून ठेवलेल्या मजुरीविषयी लिहिले ते शेतमालकांना उद्देशून असले, तरी तीन तीन महिने बिले अडवून ठेवणाऱ्या संस्थांना ते लागू नाही असे म्हणता येणार नाही. जेथे मंडळीचे विणकाम वा शिवणकाम केंद्र चालू आहे, तेथे काम करणाऱ्या स्त्रियांची नावे केवळ मदत घेणाऱ्यांच्या यादीत न राहता सभासदांच्या व कारभाऱ्यांच्या यादीत यावीत. कांड्या भरणारीची मजुरी तिच्या नावे लिहिली जावी. आणि पाळकाच्या हाती मंडळीची शिस्त व पोटाची किल्ली ही दोन्ही एकत्र असू नयेत.

मिशनच्या पूर्वसुरींना दोष देण्यासाठी आम्ही हे लिहिले नाही. परक्या देशात, परक्या भाषेत, दुष्काळाच्या दारात त्यांनी जे केले ते थोडे नव्हते. त्यांनी ज्यांना मागावर बसविले त्यांची नातवंडे आज शिक्षक, परिचारिका व पाळक आहेत, आणि या पत्रिकेचे वाचकही आहेत. त्या नातवंडांकडे आता ते अधिकार आहेत जे आजोबांकडे नव्हते, म्हणजे खरेदीचा अधिकार, कारभाराचा अधिकार आणि मताचा अधिकार. आजही इलकलच्या एखाद्या घरात कोणी स्त्री पदराचा ताणा अंगाच्या ताण्याला एकेक धाग्याने जोडीत बसलेली असेल. तिच्या हाती असलेले सूत तिचे व्हावे यासाठी आपल्याला काय करता येईल, याचा विचार प्रत्येक मंडळीच्या कारभारी सभेने करावा, अशी आमची विनंती आहे.